पाण्याचे सूत्र कशावरून?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषय मुद्दाम शाळेच्या फळ्यावरचा घेतला आहे. पाणी म्हणजे एच-टू-ओ, हे रसायनशास्त्र न शिकलेला माणूसही सांगतो. पण 'कशावरून?' असे पुढे विचारले, तर विज्ञानाचा पदवीधरही बहुधा अडखळतो. थोडा विचार करून तो म्हणतो, हायड्रोजनची संयुजा एक आणि ऑक्सिजनची दोन, म्हणून. ऑक्सिजनची संयुजा दोन कशावरून? तर तो एका अणूमागे हायड्रोजनचे दोन अणू घेतो, यावरून. म्हणजे सिद्ध करायची गोष्टच पुरावा म्हणून पुढे आली. यात त्याचा दोष नाही. नववीच्या विज्ञानात अणुवस्तुमान, संयुजा, रेणुसूत्र आणि मोल या संकल्पना व्याख्यांच्या रूपात एकापाठोपाठ येतात, व्याख्या पाठ होतात आणि गणिते सुटतात. माझे म्हणणे असे की या चारही गोष्टी निष्कर्ष आहेत. त्या एकमेकींत इतक्या अडकलेल्या आहेत की एक ठरल्याशिवाय दुसरी ठरत नाही, आणि हा गुंता सोडवायला युरोपातल्या उत्तमोत्तम रसायनतज्ज्ञांना अर्धे शतक लागले. तो कोणत्या पुराव्याने सुटला हे वगळून या संकल्पना शिकवल्या, तर विद्यार्थ्याच्या हाती फक्त शब्द पडतात. पहिल्याच वर्गात हा पुरावा शिकवला पाहिजे आणि तो शिकवता येतो, एवढेच मला आज मांडायचे आहे.

सुरुवात तराजूपासून करू. लाव्हाझिएने १७८९ मध्ये आपला प्रसिद्ध पाठ्यग्रंथ लिहिला, तेव्हा अभिक्रियेच्या आधी आणि नंतर एकूण वजन सारखेच राहते हे त्याने रसायनशास्त्राच्या मुळाशी ठेवले. प्रूस्तने पुढच्या दशकात दाखवले की संयुग निसर्गात सापडलेले असो की प्रयोगशाळेत केलेले असो, त्यातल्या मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण ठरलेले असते. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, मग ते पाणी विहिरीचे असो वा पावसाचे. डाल्टनने १८०८ च्या आपल्या ग्रंथात या नियमाला अणूचा आधार दिला. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे, त्यांचे वजन ठरावीक, आणि संयुगात ते पूर्ण संख्येने एकत्र येतात. याची सर्वांत बळकट साक्ष एकाच जोडीच्या दोन संयुगांत मिळते. ३ ग्रॅम कार्बनशी एका वायूत ४ ग्रॅम ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात बरोबर ८ ग्रॅम. पाच नाही, साडेसहा नाही, नेमका दुप्पट. द्रव्य सलग असते, त्याचे हवे तेवढे तुकडे पडत असते, तर ही दुप्पट येण्याचे काही कारणच नव्हते.

आपल्याकडे या जागी कणादांची आठवण निघते, आणि ती निघणे रास्त आहे. वैशेषिक दर्शनात परमाणू आहेत, दोन परमाणूंचे द्व्यणुक आहे, त्यांच्या संयोगाची व्यवस्था आहे. ग्रीकांकडे डिमॉक्रिटस होता. या विचारांची उंची मान्य करूनही फरक नीट पाहायला हवा. द्रव्याचे विभाजन कुठेतरी थांबले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद तर्काने झालेला आहे. डाल्टनचा अणू वजन घेऊन येतो, आणि वजन आले की चूक सापडण्याची सोय होते. डाल्टनची चूक सापडली, हेच त्याचे मोठेपण.

ती चूक पाण्यातच होती. १ ग्रॅमला ८ ग्रॅम हे प्रमाण हाती आहे. पाण्याच्या कणात प्रत्येकी एक अणू धरला, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो. हायड्रोजनचे दोन धरले तर १६ पट, आणि ऑक्सिजनचे दोन धरले तर ४ पट. तिन्ही हिशेब बिनचूक जमतात. सूत्र माहीत असेल तर अणुवस्तुमान निघते, अणुवस्तुमान माहीत असेल तर सूत्र निघते, आणि दोन्ही माहीत नसतील तर जगातला सर्वांत नाजूक तराजूही काही सांगू शकत नाही. डाल्टनने इथे एक नियम मनाने घालून दिला. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक समजायचे, कारण तेच सर्वांत साधे. म्हणून त्याचे पाणी एच-ओ झाले, आणि त्या काळच्या ढोबळ मोजमापांमुळे त्याच्या ग्रंथात ऑक्सिजनचा अणुभार ७ छापला गेला. मोजमाप पुढे सुधारून ७ चे ८ झाले. पण ८ चे १६ व्हायला सुधारलेले वजन उपयोगाचे नव्हते. त्यासाठी वेगळ्या जातीचा पुरावा लागणार होता.

तो पुरावा त्याच १८०८ साली पॅरिसमध्ये पुढे आला होता. गे-ल्युसॅकने वायूंची वजने बाजूला ठेवून आकारमाने मोजली. दोन आकारमाने हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांची दोन आकारमाने वाफ होते. एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन यांचा दोन आकारमाने हायड्रोजन क्लोराइड वायू होतो. नेहमी छोट्या पूर्ण संख्या. १८११ मध्ये व्हेर्चेल्ली इथे शिकवणाऱ्या अॅव्होगॅड्रोने यावरून सुचवले की सारख्या तापमानाला आणि दाबाला कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असावी. या एका गृहीतकाने काय साधते ते सावकाश पाहू, कारण सगळा विषय इथेच आहे. वाफेची दोन आकारमाने झाली, म्हणजे वाफेचे रेणू ऑक्सिजनच्या रेणूंच्या दुप्पट झाले. प्रत्येक वाफेच्या रेणूत ऑक्सिजन असलाच पाहिजे. तर मग ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूचे निदान दोन भाग झाले असले पाहिजेत. हायड्रोजन क्लोराइडच्या उदाहरणात तीच गोष्ट हायड्रोजनच्या रेणूची. वाफेचे रेणू संख्येने हायड्रोजनच्या रेणूंइतकेच आहेत, म्हणजे वाफेच्या एका रेणूत हायड्रोजनचा एक अख्खा रेणू, अर्थात निदान दोन भाग, आणि ऑक्सिजनचा अर्धा रेणू. एच-टू-ओ इथून आले.

पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग बहुतेक शाळांत दाखवतात. एका नळीत दुप्पट वायू जमतो, दुसऱ्यात एकपट, आणि शिक्षक म्हणतात, म्हणून दोनास एक. हा निष्कर्ष त्या प्रयोगातून निघत नाही. समान आकारमानात समान रेणू हे गृहीतक मधे नसेल, तर दुप्पट आकारमानाचा अर्थ एवढाच की हायड्रोजन जास्त जागा व्यापतो. आणि गृहीतक घेतले तरी खरी कळीची संख्या त्या दोन नळ्यांत नाहीच, ती वाफेच्या आकारमानात आहे. वाफ एकच आकारमान झाली असती, तर ऑक्सिजनचा रेणू दुभंगतो असे म्हणायला काही आधार नव्हता. प्रयोग चांगला आहे, पण तो अर्ध्यावर सोडला जातो.

मग अॅव्होगॅड्रोचे म्हणणे पन्नास वर्षे का पडून राहिले? लोकांनी दुर्लक्ष केले, असे एका वाक्यात सांगून आपण मोकळे होतो. मला ते उत्तर पुरत नाही, कारण विरोधकांची कारणे सबळ होती. डाल्टन म्हणत होता, वाफेत ऑक्सिजन असून ती ऑक्सिजनपेक्षा हलकी कशी? हायड्रोजनच्या तुलनेत ऑक्सिजन १६ पट घन, वाफ ९ पट. समान आकारमानात समान कण असतील, तर ऑक्सिजनचा कण स्वतःपेक्षा हलक्या वाफेच्या कणात मावतो असे मानावे लागेल. यावर उत्तर एकच, ऑक्सिजनचा कण तुटतो. पण वायूचा कण म्हणजेच अणू, आणि अणू तुटत नाही, हाच तर डाल्टनच्या सिद्धान्ताचा पाया. दुसरीकडे बर्झेलियस. रासायनिक बंध विरुद्ध विद्युतप्रभारांच्या आकर्षणाने होतात असे तो मानत असे, आणि क्षारांच्या बाबतीत त्याचे विवेचन फार यशस्वी ठरले होते. त्या विचारात ऑक्सिजनचे दोन सारखे अणू एकमेकांना धरून ठेवतील याला जागाच नव्हती. हा आक्षेप इतका खोल होता की हायड्रोजनचे दोन अणू एकत्र का राहतात याचे समाधानकारक उत्तर हाइटलर आणि लंडन यांनी पुंजयामिकीने दिले ते १९२७ मध्ये. तिसरी अडचण प्रयोगाची. ड्यूमाने १८२६ पासून पदार्थांच्या वाफांची घनता मोजायला घेतली. ऑक्सिजनप्रमाणे सगळ्या मूलद्रव्यांचे रेणू दोन अणूंचे धरले, तर गंधकाची वाफ अपेक्षेच्या तिप्पट घन निघाली, फॉस्फरसची दुप्पट आणि पाऱ्याची निम्मी. इतके अपवाद हाती आल्यावर ड्यूमाने अणूच्या कल्पनेवरचाच विश्वास सोडला. त्याला घाईचा कसे म्हणावे?

परिणाम असा झाला की कोणी ऑक्सिजन ८ धरी, कोणी १६. कार्बन ६ किंवा १२. एकाच पदार्थाची सूत्रे लेखकागणिक बदलत. केकुलेने १८६१ च्या आपल्या ग्रंथात साध्या अॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, प्रचारात असलेली १९ सूत्रे नोंदवली आहेत. हा गोंधळ मिटवण्यासाठीच केकुले, वुर्ट्‌झ आणि वेल्ट्‌सिन यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे युरोपभरचे रसायनतज्ज्ञ तीन दिवस जमले. सभेत निर्णय काही झाला नाही. विज्ञानातले प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, असेच तिथल्या अनेकांचे म्हणणे होते. पण शेवटी शेवटी पाव्हेसी या इटालियन गृहस्थांनी एक पुस्तिका वाटली. ती स्तानिस्लाव कान्निझारोने १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेली होती. जेनोआत आपण रसायनशास्त्र कोणत्या क्रमाने शिकवतो, याचे ते टिपण. अणुवस्तुमानाचा तिढा सोडवणारा हा लेख मुळात एका शिक्षकाने लिहिलेला पाठ्यक्रमाचा आराखडा आहे, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते.

कान्निझारोची रीत सांगायला सोपी आहे. हायड्रोजनचा रेणू २ धरायचा, कारण त्याचे दोन भाग होतात हे दिसलेच आहे. मग एखाद्या मूलद्रव्याची जितकी वायुरूप होणारी संयुगे मिळतील तितकी घ्यायची. प्रत्येकाची घनता हायड्रोजनशी ताडून रेणुवस्तुमान काढायचे, आणि पृथक्करणाने त्यात ते मूलद्रव्य किती आहे ते पाहायचे. कार्बन घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात १२. मिथेन १६, त्यात १२. इथिलीन पुन्हा २८, पण त्यात कार्बन २४. ईथर ७४, त्यात ४८. कुठेही ६ नाही, १८ नाही, ३० नाही. कार्बन रेणूंत बाराच्या पटीतच शिरतो, म्हणून त्याचा अणू १२. ऑक्सिजनचे हेच केले की १६ निघतात, आठ कुठेच सापडत नाहीत. उद्या एखाद्या संयुगात ६ कार्बन सापडला तर अणुवस्तुमान निम्मे करावे लागेल, ही शक्यता या रीतीत उघडी राहते, आणि ती उघडी आहे म्हणूनच रीत भरवशाची आहे. शिवाय पडताळा घ्यायला दुसरी वाट होती. द्युलाँ आणि प्टी यांनी १८१९ मध्येच दाखवले होते की घनरूप मूलद्रव्याची विशिष्ट उष्मा आणि अणुवस्तुमान यांचा गुणाकार जवळपास एकच येतो. पाऱ्याच्या संयुगांवरून अणुवस्तुमान २०० निघते आणि ते या नियमात बसते. त्याच्या वाफेचा रेणूही २००. म्हणजे पाऱ्याचा रेणू एकाच अणूचा आहे. सगळ्या मूलद्रव्यांचे रेणू दोनच अणूंचे, हा हट्ट सोडला की ड्यूमाची कोडी सुटली. गंधकाचे सहा, फॉस्फरसचे चार, पाऱ्याचा एक. पुढे १८७६ मध्ये कुंट आणि वारबुर्ग यांनी पाऱ्याच्या वाफेतला ध्वनीचा वेग मोजून तेच स्वतंत्रपणे सिद्ध केले.

तरी एक अडचण उरली होती, आणि ती नवसागराची. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतो, ज्याचा दाट पांढरा धूर उसळतो, तो हा नवसागर, अमोनियम क्लोराइड. त्याचे वस्तुमान ५३.५, म्हणून त्याची वाफ हायड्रोजनच्या सुमारे २७ पट घन असायला हवी. मोजली की ती निम्मीच भरे. अॅव्होगॅड्रोचे गृहीतक चूक, असे म्हणायला ही जागा आयती होती. समर्थकांनी सांगितले की नवसागर तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत फुटतो, रेणू दुप्पट होतात, म्हणून घनता निम्मी. गृहीतक वाचवण्यासाठी काढलेली ही पळवाट आहे, अशी शंका त्या वेळी घेतली गेली आणि ती घ्यायलाच हवी होती. १८६२ मध्ये पेबालने ती तपासली. हलका वायू सच्छिद्र पडद्यातून लवकर निसटतो. त्याने नवसागराची वाफ अशा पडद्यापाशी ठेवली. पलीकडे जमलेल्या वायूने लिटमस निळा केला, अलीकडे राहिलेल्या वायूने तांबडा. वाफ खरोखरच दोन वायूंची होती. कल्हईच्या भांड्यावर दिसणारा धूर म्हणजे थंड हवेत आल्यावर तेच दोन वायू पुन्हा जुळून झालेले नवसागराचे बारीक कण. नववीच्या मुलांना विघटन शिकवताना यापेक्षा जवळचे उदाहरण कुठून आणणार?

कार्ल्सरूहच्या सभेला मेंडेलेव्ह आणि लोथार मायर दोघेही हजर होते. १८६९ च्या आवर्तसारणीत मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या क्रमाने मांडली गेली, ती ८ आणि ६ च्या जुन्या आकड्यांनी मांडता आलीच नसती. याहून जास्त त्याविषयी इथे सांगायची गरज नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला असा की हे सगळे जुने झाले. आज क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंच्या जागा दिसतात, अणूंची चित्रे निघतात, मग एकोणिसाव्या शतकातली वळणे मुलांच्या माथी का मारायची? पण क्ष-किरणांच्या छायाचित्रात अणू दिसत नाहीत, ठिपके दिसतात. ठिपक्यांवरून अणूंची रचना काढणे हा लांबलचक अनुमानाचा भाग आहे, आणि तो नववीच्या आवाक्यातला नाही. कान्निझारोचे अनुमान मात्र भागाकार येणाऱ्याच्या आवाक्यात आहे. साधा पुरावा सोडून अवघड यंत्राचा हवाला देणे म्हणजे पुन्हा 'मोठे लोक सांगतात म्हणून' इथेच येणे.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे आणि तो ओस्टवाल्डसारख्या थोर रसायनतज्ज्ञाने घेतला होता. प्रमाणांचे नियम पुरेसे आहेत, अणू ही केवळ सोयीची कल्पना, असे तो विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत म्हणत राहिला. या आक्षेपाने शास्त्राचे भलेच केले. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ब्राउनी गतीचे गणित मांडले, पेरँने पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण मोजून त्याचा पडताळा घेतला, आणि एका मोलमधल्या रेणूंची संख्या वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकच येते हे दाखवले. १९०८-०९ मध्ये ओस्टवाल्डने अणूचे अस्तित्व जाहीरपणे मान्य केले. ज्या शास्त्रात विरोधकाला पटवता येते, ते कशाने पटवते हे विद्यार्थ्याला कळायला हवे.

तिसरा आक्षेप असा की हे नियम शेवटी पूर्ण खरे ठरलेच नाहीत. खरे आहे. क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.४५ येते, कारण त्याचे ३५ आणि ३७ असे दोन समस्थानिक मिसळलेले आहेत. डाल्टनचे 'सगळे अणू एकसारखे' तिथे संपले. लोहाच्या एका ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोहाचे सुमारे ९५ अणू असतात आणि ते प्रमाण थोडे बदलतेही. प्रूस्तशी वाद घालणारा बर्थोले प्रमाण बदलू शकते असे म्हणत होता, आणि म्हणून अशा संयुगांना पुढे त्याचेच नाव मिळाले. पण ज्याने सूत्र व्याख्या म्हणून पाठ केले त्याला हा अपवाद म्हणजे फसवणूक वाटते. ज्याने ते पुराव्यातून काढले, त्याला कोणता पुरावा कुठवर पोचतो एवढे नव्याने कळते. मोलचेही तसेच. २० मे २०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण, अशी व्याख्या झाली आहे. आकडा ठरवून टाकला आहे, म्हणून तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे शुद्ध सिलिकॉनच्या गोलातले अणू मोजण्याची अनेक वर्षांची मेहनत आहे, आणि त्याच्याही मागे समान आकारमानात समान रेणू हे १८११ चे गृहीतक आहे.

राहिला वेळेचा आक्षेप, आणि शिक्षकांच्या दृष्टीने तोच खरा. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, परीक्षा तोंडावर असते. इतिहासाचा तपशील वर्गात सांगा, असे मी म्हणत नाही. कार्ल्सरूह वगळा, ओस्टवाल्ड वगळा. दोन तासिका पुरतात. एकीत वायूंच्या आकारमानांवरून पाण्याचा रेणू काढायचा, दुसरीत कान्निझारोचे कोष्टक. मग परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी असे विचारता येईल : अमोनियाचे रेणुवस्तुमान १७, त्यात नायट्रोजन १४, नायट्रिक ऑक्साइड ३०, त्यात १४, नायट्रस ऑक्साइड ४४, त्यात २८, नायट्रोजन वायू २८, त्यात २८. तर नायट्रोजनचे अणुवस्तुमान किती मानाल, नायट्रोजन वायूच्या रेणूत किती अणू मानाल, आणि कोणते नवे संयुग सापडले तर तुमचे उत्तर बदलावे लागेल? यातला तिसरा भाग पाठ करून लिहिता येत नाही. त्याला गुण सर्वांत जास्त ठेवावेत.